उत्स्फूर्त विनोद (मराठी रंगभूमी)

उत्स्फूर्त विनोद म्हणजे पूर्वलिखित संवादांचा आधार न घेता, केवळ कथानकाचा सांगाडा किंवा प्रसंग ठरवून, नटांनी प्रेक्षकांसमोर त्या क्षणी घडवलेला विनोद होय. तमाशातील गवळण व बतावणी, दशावतारातील संकासुराचा प्रवेश आणि ललितातील सोंगे ही मराठी लोकरंगभूमीवरील त्याची प्रमुख रूपे आहेत. नागर रंगभूमीवर 'विच्छा माझी पुरी करा' आणि 'वस्त्रहरण' या नाटकांच्या प्रयोगांनी ही परंपरा शहरी प्रेक्षकांपर्यंत नेली. एकविसाव्या शतकात पाश्चात्त्य 'इम्प्रोव्ह' पद्धतीचे प्रयोग भारतात होऊ लागले असून, मेजावर खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांवर बेतलेले विनोदी प्रयोग हा त्याच पद्धतीचा एक अलीकडचा विस्तार आहे.

संज्ञेचा अर्थ

'उत्स्फूर्त' या शब्दामुळे असा विनोद तयारीविना होतो, असा समज होतो. तो चुकीचा आहे. तमाशातील सोंगाड्या किंवा दशावतारातील नट यांच्यापाशी ऐकून पाठ झालेल्या कोट्या, म्हणी, पौराणिक कथा, पदे आणि ठरावीक प्रसंग यांचा मोठा साठा असतो. त्यांतील कोणती गोष्ट कोणत्या गावी, कोणासमोर आणि कोणत्या क्षणी काढायची, याची निवड तेवढी रंगमंचावर होते. कीर्तनकाराच्या उत्तररंगाशी किंवा ख्यालगायकाच्या आलापीशी याची तुलना करता येईल. रागाचे नियम ठरलेले असतात, बंदिश ठरलेली असते, तरी दोन मैफली सारख्या होत नाहीत.

पार्श्वभूमी

आधुनिक मराठी नाटकाचा आरंभ ज्या प्रयोगापासून मानला जातो, तोच अर्धाअधिक उत्स्फूर्त होता, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत सहसा ठळकपणे येत नाही. विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगली येथे 'सीतास्वयंवर' सादर केले. सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांचा त्यास आश्रय होता. भावे यांच्या नाटकांत पदे रचलेली असत व ती सूत्रधार म्हणत असे. पदात आलेल्या आशयाच्या अनुरोधाने गद्य भाषण मात्र नट स्वतः करीत. आरंभी विदूषक येई आणि सूत्रधाराशी त्याचा जो संवाद चाले, तो नटाच्या हजरजबाबीपणावरच उभा असे.

पुढे विनायक जनार्दन कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' (१८६१) यासारखी, आधी लिहून छापलेली नाटके आली. त्या काळी त्यांना 'बुकिश नाटके' म्हणत. पौराणिक आख्यानाला जोडून 'फार्स' करण्याची प्रथाही याच सुमारास रूढ झाली. संगीत नाटकाच्या उदयानंतर, म्हणजे १८८० मधील अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या 'शाकुंतल'नंतर, लिहिलेला शब्द जसाच्या तसा बोलणे हे चांगल्या नटाचे लक्षण ठरले. पदरचे शब्द घालणारा नट 'आगाऊ' ठरू लागला. उत्स्फूर्त संवादाची कला नाहीशी झाली नाही, पण ती जत्रेच्या आणि तमाशाच्या बोर्डावर राहिली व शहरी रसिकतेच्या दृष्टीने दुय्यम मानली गेली.

तमाशातील बतावणी

पारंपरिक तमाशाचे गण, गवळण, बतावणी आणि वग असे भाग पडतात. गण ही गणेशस्तुती असते. गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, त्यांची वाट अडवणारा कृष्ण, त्याचा सोबती पेंद्या आणि मावशी ही पात्रे येतात. मावशीचे काम पुरुष करतो. तिचे नटणेमुरडणे आणि कृष्णाशी होणारी तिची हुज्जत यांतून गवळणीचा विनोद उभा राहतो. त्यानंतरची बतावणी ही मुख्यतः सरदार आणि सोंगाड्या यांच्यातील जुगलबंदी असते. वगाची गोष्ट सुरू होण्यापूर्वी प्रेक्षकांना जागे करणे, त्यांचा अंदाज घेणे आणि उशिरा येणाऱ्यांना स्थिरस्थावर होऊ देणे, हा तिचा व्यावहारिक उपयोग.

बतावणीचे तंत्र वरकरणी सोपे आहे. सरदार शहाण्यासारखा, शुद्ध भाषेत आणि गंभीरपणे बोलतो. सोंगाड्या त्याचा प्रत्येक शब्द भलत्याच अर्थाने घेतो. नमुन्यादाखल, सरदाराने "पनवेलची गाडी लागली का रे?" असे विचारले, तर सोंगाड्या म्हणणार, "मला कुठलीच गाडी लागत नाही सरदार, आमच्या मंडळीला मात्र घाटात लागते." येथे दोघांची कामे वेगळी आहेत. हशा सोंगाड्याला मिळतो, पण त्याला चेंडू टाकून देण्याचे काम सरदाराचे असते. सरदार हसला किंवा त्याने घाई केली, तर कोटी वाया जाते. म्हणूनच जाणते फड या जोडीतील गंभीर माणूस निवडताना विनोदी माणसाइतकीच काळजी घेत.

गाव बदलले की बतावणी बदलते. फडातील माणसे दुपारी गावात फिरून पाटील कोण, पाण्याचे भांडण कोणाचे, एस.टी. किती वाजता चुकते, अशी माहिती काढीत आणि रात्री ती बोर्डावर येई. अशा वेळी गावातील प्रतिष्ठितांची थट्टा होई व तेही ती सहसा हसून सोसत, कारण सोंगाड्याच्या बोलण्याचा राग मानणे म्हणजे टोपी आपल्याच डोक्यावर बसवून घेणे होते. तमाशा कलावंतांपैकी बहुसंख्य दलित व भटक्या समाजांतील होते. दिवसा ज्याच्या वाड्यासमोर मान खाली घालून जावे लागे, त्याच्याविषयी रात्री चार शब्द मोकळेपणाने बोलण्याची मुभा या प्रकाराने दिली. त्या मुभेची मर्यादाही स्पष्ट होती: ती रात्रीपुरती आणि सोंगापुरती होती.

वगाची परंपरा सामान्यतः 'मोहना-बटाव' या वगापासून सांगितली जाते. पुढे पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांच्या कवनांनी तमाशाला काव्याची प्रतिष्ठा दिली. अण्णा भाऊ साठे यांनी लाल बावटा कलापथकाच्या काळात तमाशाची चौकट कामगारांच्या प्रश्नांसाठी वापरली. शाहीर साबळे यांचे 'यमराज्यात एक रात्र' (१९६०) हे मुक्तनाट्य याच वाटेवरचे आहे.

विनोदी कलावंतांमध्ये कवलापूर (जि. सांगली) येथील काळू-बाळू ही जुळ्या भावांची जोडी विशेष गाजली. 'जहरी प्याला' या वगातील त्यांचे हवालदार प्रसिद्ध आहेत. दोघांचे चेहरे सारखे असल्याने कोण काळू आणि कोण बाळू, हाच एक न संपणारा विनोद होता. दादू इंदुरीकर यांनी 'गाढवाचं लग्न' या वगात सावळ्या कुंभाराची भूमिका केली. सावळ्या आणि त्याची बायको गंगी यांच्यातील संवाद इंदुरीकर दर प्रयोगात नव्याने रंगवीत. त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. ग्रामीण फडावरच्या हजरजबाबी अभिनयाला राष्ट्रीय संस्थेने दिलेली ही दाद, या कलेच्या इतिहासातील महत्त्वाची घटना मानावी लागेल.

विच्छा माझी पुरी करा

वसंत सबनीस यांचे 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य १९६५ मध्ये रंगमंचावर आले. त्याचे मूळ रूप 'छपरी पलंगाचा वग' या नावाचे होते. राजा, प्रधान, कोतवाल, मैनावती आणि हवालदार अशी त्यातील मुख्य पात्रे असून हवालदाराची भूमिका दादा कोंडके यांनी केली. कोंडके सेवा दलाच्या कलापथकातून आलेले होते. या नाटकाचे दीड हजारांहून अधिक प्रयोग झाले. ते पाहूनच भालजी पेंढारकर यांनी कोंडके यांना 'तांबडी माती' (१९६९) या चित्रपटात घेतले.

या नाटकाचे वैशिष्ट्य असे, की सबनिसांची संहिता मुळातच भक्कम आणि खुसखुशीत असूनही तिच्यात नटासाठी जागा सोडलेल्या आहेत. राजदरबाराची गोष्ट जुन्या काळातील, पण बोलणे आजचे, अशी योजना असल्याने त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातील बातमी सायंकाळच्या प्रयोगात घालता येत असे. कोंडके यांनी या सवलतीचा पुरेपूर उपयोग केला. महागाई, रेशन, मंत्र्यांचे दौरे, निवडणुका असे सर्व काही हवालदाराच्या तोंडी येई. परिणामी नाटक पुन्हा पुन्हा पाहणारा एक प्रेक्षकवर्ग तयार झाला. तो गोष्टीसाठी येत नसे. आज हवालदार काय बोलणार, हे ऐकायला येई.

छापील पुस्तक वाचून या प्रयोगाची कल्पना पूर्णपणे येत नाही, आणि केवळ कोंडके यांच्या आठवणी ऐकल्या तर सबनिसांच्या रचनेवर अन्याय होतो. दोन्ही बाजू लक्षात घेतल्या पाहिजेत. पुढील काळात विजय कदम यांनी हीच भूमिका करून नाटकाचे पुनरुज्जीवन केले. 'सैंया भये कोतवाल' या हिंदी रूपांतरानेही ते महाराष्ट्राबाहेर पोहोचले. नट, भाषा आणि काळ बदलूनही नाटक चालले, यावरून मूळ सांगाड्याचे बळ दिसते.

दशावतार

दशावतार हा दक्षिण कोकण व गोवा या भागांतील लोकनाट्यप्रकार असून, ग्रामदेवतेच्या जत्रेत पालखी झाल्यावर रात्रभर सादर होतो. त्याचे दोन भाग पडतात. पहिल्या भागास आड-दशावतार म्हणतात. त्यात गणपती, ऋद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्राह्मण आणि वेद चोरणारा संकासुर ही पात्रे येतात. दुसऱ्या भागात एखादे पौराणिक आख्यान असते. हार्मोनियम, पखवाज आणि झांज एवढी वाद्ये, बसण्यासाठी एक बाकडे आणि मागे एक पडदा, इतक्या सामग्रीवर इंद्रसभेपासून रणांगणापर्यंत सर्व स्थळे उभी केली जातात. स्त्रीभूमिका परंपरेने पुरुषच करतात.

संकासुर काळ्या वेशात असतो. त्याचे तोंड काळ्या कापडाने झाकलेले असून त्यावर लाल जीभ लोंबत असते. वेशावरून तो भयंकर वाटतो, पण तोंड उघडतो ते अस्सल मालवणीत. त्याच्यासमोरचा ब्राह्मण संस्कृताळलेली भाषा बोलतो आणि संकासुर तिचा पार विचका करतो. असुर असूनही लहान मुलांना सर्वांत प्रिय पात्र तेच असते. शेवटी विष्णूच्या हातून त्याचा वध ठरलेलाच, पण तोपर्यंतचा वेळ त्याचा.

आख्यानाचा भाग तंत्रदृष्ट्या अधिक अवघड आहे. दशावतारी नाटकाला परंपरेने लिखित संहिता नसते. आज कोणते कथानक लावायचे, हे मंडळी गावात पोहोचल्यावर ठरते. मालक किंवा जाणता नट प्रसंगांचा क्रम सांगतो, भूमिका वाटून देतो आणि नट स्वतःची रंगभूषा स्वतः करीत असतानाच आपली भाषणे मनाशी जुळवतात. देव-दानवांची भाषा प्रौढ व संस्कृतप्रचुर असते, विनोदी पात्रे मालवणी बोलतात. समोरचा नट काय म्हणेल हे आधी ठाऊक नसल्यामुळे नीट ऐकणे हे या नटाचे पहिले कौशल्य ठरते. मुरलेला राजपार्टी नट नवख्याला मुद्दाम अडचणीचा प्रश्न विचारतो. नवख्याने पुराणातील दाखला देऊन तो परतवला, की प्रेक्षक दाद देतात. पुराणकथा प्रेक्षकांनाही पाठ असल्याने येथे चूक लपत नाही.

गंगाराम गवाणकर यांचे 'वस्त्रहरण' (१९८०) हे मालवणी नाटक याच जगावर उभे आहे. कोकणातील एका गावची हौशी मंडळी द्रौपदीवस्त्रहरणाचे नाटक बसवतात आणि प्रयोगात एकामागून एक घोटाळे होतात, असा त्याचा विषय. मच्छिंद्र कांबळी यांचा तात्या सरपंच हा त्याचा कणा होता. नाटकाने पाच हजारांहून अधिक प्रयोगांचा टप्पा ओलांडला. घोटाळा खरोखर झाला आहे की लिहिलेला आहे, हे प्रेक्षकांना कळू नये अशी रचना असल्यामुळे नटांनी ऐन वेळी घातलेल्या भरीलाही त्यात सहज वाव मिळाला.

संहिता आणि परिनिरीक्षण

उत्स्फूर्त विनोद आणि शासकीय नियमन यांचा मेळ कधीच नीट बसलेला नाही. ब्रिटिश राजवटीतील १८७६ च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्याने आक्षेपार्ह प्रयोगांवर बंदी घालण्याचे अधिकार सरकारला दिले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या 'कीचकवध' या नाटकावरील बंदी हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात तमाशावर अश्लीलतेच्या कारणावरून बंदी आली. तिच्याविरुद्ध कलावंतांनी दाद मागितल्यावर दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि सुधारणेच्या अटींवर तमाशा पुन्हा सुरू झाला.

महाराष्ट्रात नाटकाचा जाहीर प्रयोग करण्यापूर्वी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे सादर करून प्रमाणपत्र घेण्याची पद्धत आहे. ही व्यवस्था नाटक म्हणजे लिहिलेला मजकूर, असे गृहीत धरते. ज्या प्रकारात मजकूर रात्री नऊनंतर तयार होतो, त्याने दुपारी काय सादर करावे, हा प्रश्न ती अनुत्तरित ठेवते. व्यवहारात कथानकाचा कच्चा आराखडा लिहून देणे आणि रंगमंचावर हवे ते बोलणे, असा मार्ग निघतो. त्यामुळे प्रमाणपत्र एका नाटकाला आणि प्रयोग दुसऱ्याचा, अशी स्थिती होते. शिवाय कोणी तक्रार केली, तर पदरचे वाक्य बोलणारा नट कायद्याच्या दृष्टीने उघडा पडतो. अभिनेते-दिग्दर्शक अमोल पालेकर यांनी नाट्यसंहितांच्या पूर्वपरिनिरीक्षणास २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. त्यांची भूमिका अभिव्यक्तिस्वातंत्र्याची होती, पण तिचा निकटचा संबंध या कलेशीही आहे.

नियमनाइतकाच नोंदीचा प्रश्न गंभीर आहे. लिहिणाऱ्याचे नाव पुस्तकावर राहते. बोलणाऱ्याचे वाक्य दुसऱ्या फडाने उचलले, चित्रपटात गेले, तरी त्याचे नाव कोठेच येत नाही. मराठीत रुळलेल्या कितीतरी कोट्या मूळच्या कोणत्या सोंगाड्याच्या, हे आज सांगता येत नाही. ध्वनिफिती व चित्रफितींमुळे काही प्रयोग जतन झाले. मात्र फितीवरचा प्रयोग पाठ करून तोच जसाच्या तसा करण्याची सवयही त्यांनीच लावली. अलीकडे 'चला हवा येऊ द्या' (२०१४ पासून) आणि 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' (२०१८ पासून) या दूरचित्रवाणी कार्यक्रमांनी प्रहसनाला मोठा प्रेक्षक मिळवून दिला. त्यांतील प्रहसने लिहिलेली असतात, तथापि कलाकारांची ऐन वेळची भर हे त्यांच्या लोकप्रियतेचे एक कारण आहे.

पाश्चात्त्य पद्धती आणि भूमिकाखेळ

युरोपात सोळाव्या शतकातील इटलीमधील 'कॉमेदिया देल्लार्ते' हा प्रकार ठरावीक मुखवटे व लवचीक संवाद यांवर आधारलेला होता. त्यातील लबाड नोकर आणि आपला सोंगाड्या यांच्यात पुष्कळ साम्य आढळते. विसाव्या शतकात अमेरिकेत व्हायोला स्पोलिन यांनी मुलांसाठी नाट्यखेळ रचले. त्यांतूनच पुढे शिकागोच्या 'द सेकंड सिटी' (१९५९) या संस्थेची पद्धत घडली. कीथ जॉनस्टन यांनी कॅनडातील कॅलगरी येथे १९७७ च्या सुमारास 'थिएटरस्पोर्ट्‌स' हा स्पर्धेच्या स्वरूपातील प्रकार रुजवला. प्रेक्षकांनी स्थळ किंवा नाते सुचवायचे आणि नटांनी त्यावर तत्काळ प्रसंग उभा करायचा, ही त्याची रीत. मुंबईत असे प्रयोग प्रामुख्याने इंग्रजी व हिंदीत होतात. कनीझ सुरका यांचे नाव या क्षेत्रात ठळकपणे घेतले जाते.

मेजावरील भूमिकाखेळांचा आरंभ 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळापासून मानतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केला. चार-पाच खेळाडू मेजाभोवती बसतात. प्रत्येकाने एक पात्र घेतलेले असते: योद्धा, जादूगार, चोर इत्यादी. एक जण निवेदक होऊन प्रसंग सांगतो आणि खेळाडू आपले पात्र काय करील ते बोलून दाखवतात. कृती यशस्वी झाली की फसली, हे वीस पैलूंच्या फाशावर ठरते. सोंगट्या पटावर फिरवण्यापेक्षा गोष्ट पुढे नेणे महत्त्वाचे असल्याने या खेळाचे नाटकाशी जवळचे नाते आहे.

हा खेळ प्रेक्षकांसमोर खेळण्याची प्रथा एकविसाव्या शतकात वाढली. 'ॲक्विझिशन्स इन्कॉर्पोरेटेड' या मंडळींनी २०१० पासून तो रंगमंचावर आणला. 'क्रिटिकल रोल' (२०१५) आणि विनोदी कलाकारांचा 'डायमेन्शन ट्वेंटी' (२०१८) हे कार्यक्रम आंतरजालावर लोकप्रिय झाले. 'क्रिटिकल रोल'चा प्रयोग २०२३ मध्ये लंडनच्या वेम्बली अरीनात आणि 'डायमेन्शन ट्वेंटी'चा जानेवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झाला. 'द ट्वेंटी-सायडेड टॅव्हर्न' या न्यूयॉर्कमध्ये झालेल्या नाट्यप्रयोगात तर प्रेक्षक आपल्या भ्रमणध्वनीवरून मत देऊन पात्रांचा मार्ग ठरवीत. अशा प्रयोगांतील विनोद बहुधा अपयशातून येतो. वीराने मोठी प्रतिज्ञा करावी, फाशावर एक पडावा आणि त्याच्याच पायात त्याची तलवार अडकावी. ही फजिती नटाने लगेच निभावून न्यायची असते.

मराठी प्रकारांशी तुलना केल्यास साम्य उघड आहे. निवेदकाचे काम दशावतारातील सूत्रधाराच्या किंवा बतावणीतील सरदाराच्या जवळचे आहे. पात्रे घेऊन ऐन वेळी बोलणे दोन्हीकडे आहे आणि लिखित संहिता दोन्हीकडे नाही. भेद आहे तो शेवटाचा. भूमिकाखेळात फासा कोणाचा कैवार घेईल हे निवेदकालाही ठाऊक नसते, त्यामुळे नायक अर्ध्या वाटेत मरू शकतो. दशावतारात संकासुराचा वध आणि पांडवांचा वनवास टळत नाही. तेथेही द्यूताच्या प्रसंगी फासे पडतात, पण शकुनीला कोणते दान पडणार हे जत्रेतल्या पोरालाही माहीत असते. नटाच्या हाती उरते ते एवढेच, की सर्वस्व हरत असताना युधिष्ठिराने काय बोलावे.